निम्मं गाणं

आयुष्यात मी बरेच अर्ज केले. बहुतेक नामंजूर झाले. एकच ताबडतोब मंजूर झाला, आणि त्याचीच मला आजतागायत लाज वाटते.

चिराबाजारात आमच्या चाळीसमोर गोवेकरांची कूड होती. कूड म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या गावच्या माणसांसाठी मुंबईत चालवलेलं बिऱ्हाड. ट्रंकेपुरती जागा, पथारीपुरती जमीन आणि भिंतीशी आल्तार. बोटीवर नोकरी करणारे तिथं येऊन-जाऊन असत. एक गृहस्थ मात्र कायमचे होते, आणि ते पहाटे सहापासून व्हायोलिन वाजवीत. त्याला ना धड चाल, ना शेवट. चाळीनं त्यांचं नाव 'करवत' ठेवलं होतं.

१९७३ साली माझी बी.कॉम.ची परीक्षा आली. अप्पा म्हणाले, "जाऊन सांग त्यांना. पण 'अहो-जाहो' कर हो."

गेलो. म्हटलं, "काका, परीक्षा आहे, सकाळी जरा..."

"बस रे बाबा," ते म्हणाले, "गाणं आवडतं तुला?"

हे म्हणजे मांजराला दूध आवडतं का विचारण्यासारखं झालं. मी ऐटीत शंकर-जयकिशनच्या एका गाण्याचं नाव ठोकून दिलं. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि तीच आमची ओळखीची करवत सुरू केली.

"हे ते नव्हे," मी म्हणालो.

"तेच. तू म्हण. म्हण ना!"

माझ्या गळ्याबद्दल चाळीचं मत तेव्हाही वाईटच होतं. तरी म्हटलं. आणि काय सांगू! दुसऱ्या ओळीला ते गाणं त्या खोलीत उभं राहिलं. माझ्या बेसूर आवाजाखाली कुणीतरी हळूच पायघड्या घालत होतं.

"हे दुसरं व्हायोलिन," ते म्हणाले. "चाल आम्हाला नसते. चालीच्या खालचं असतं."

म्हणजे चाळ इतकी वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडत होती, ते आमच्याच आवडत्या गाण्यांचं निम्मं अंग होतं!

तुम्ही म्हणाल, हिंदी सिनेमाच्या गाण्यात ही गोव्याची मंडळी आली कुठून? त्याला कारण पोर्तुगीज. त्यांच्या अमदानीत चर्चच्या शाळांतून पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. आपले गवई-बजवय्ये कानानं शिकलेले. पण वीस-तीस व्हायोलिनांनी एकाच क्षणी एकच तान घ्यायची, तर ती कागदावरच हवी. त्यातून सगळं रेकॉर्डिंग एकदम व्हायचं. एकाची गज घसरली की गाणं पहिल्यापासून. संगीतकार चाल सांगे. तिच्याभोवतीचा सगळा मांडव कागदावर उभारी तो अरेंजर. शंकर-जयकिशनसाठी हे काम वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसोझांनी केलं. फाळणीआधी त्यांचा बँड लाहोरला वाजत असे. सी. रामचंद्रांच्या हाताशी अल्दोण्याचे अंतोनियो वाझ होते. जग त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणे. १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. भगवानदादांच्या नाचाकडून तुमची नजर हटली तर. माझी कधी हटली नव्हती.

आणि आता सगळ्यात मोठा फजितवडा. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ भल्याथोरल्या अंड्यातून बाहेर पडून आपलं नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचं सांगतो, तेव्हा पोट धरधरून हसलो होतो. बऱ्याच वर्षांनी कळलं, की ते नाव खऱ्या माणसाचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू, आणि ते गाणं म्हणजे शिष्यानं दिलेली गुरुदक्षिणा. या माणसानं आपले राग घेऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना केल्या, आणि १९५८ साली झेवियर कॉलेजच्या चौकात भलामोठा वाद्यवृंद उभा करून त्यांची मैफल केली. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. झेवियर आमच्या चाळीपासून चालत जाण्याजोगं! पण आमच्या घरी कुणी त्याबद्दल कधी बोललेलं आठवत नाही. अप्पांचं शास्त्र साधं होतं: गाणारा तो नवरदेव, बाकी सगळे वऱ्हाडी. पुढं गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परत आपल्या गावी आले, आणि २०१२ साली वारले.

तर त्या अर्जाचं काय झालं? गाणं संपल्यावर मी "वा!" म्हणालो, आणि पुन्हा परीक्षेचं बोललो. विशीतला माणूस दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवसापासून करवत बंद. मी निवांत झोपू लागलो. महिन्याभरानं दूधवाला भय्या म्हणाला, "वो गोवावाले साहब तो रोज सबेरे समुंदर पे बजाते हैं." मरीन लाइन्सच्या कठड्यावर, खाऱ्या वाऱ्यात, माझ्या सेकंड क्लाससाठी! परत बोलवायला जायचं धैर्य मला झालं नाही. दोन वर्षांनी ते गावी गेले.

ती जुनी रेकॉर्ड अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर कंपनीचं नाव आहे, नंबर आहे, मिनिटाला किती फेरे तेही आहे. काकांचं नाव नाही.

परवा ते गाणं रेडिओवर लागलं, मीही सोबत गुणगुणायला लागलो. नात म्हणाली, "आजोबा, चाल चुकतेय तुमची."

म्हटलं, "चुकत नाही गं. मी दुसरं व्हायोलिन म्हणतोय. तू गा."