ऊस गारठतो, करडई सोसते

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी परिसरात पाणी गोठण्याइतकी थंडी सहसा पडत नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असले आणि वारा पडला, की जमीन दिवसभराची उष्णता झपाट्याने गमावते. गार हवा जड असल्याने ती सखल शेतांत साचते. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस वा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरले, की हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. पिके मात्र या व्याख्येसाठी थांबत नाहीत.

ऊस आणि केळी ही मुळात उष्ण प्रदेशातील पिके. बर्फाचा एक कणही तयार न होता ती गारठतात आणि त्याचे कारण पेशीपटलातील मेदात आहे. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते, करडईचे पातळच राहते. कारण पहिल्यात संपृक्त मेदाम्ले अधिक असतात, दुसऱ्यात असंपृक्त. पेशीपटलाचेही तसेच होते. ते ताठरले की क्षार बाहेर झिरपतात, प्रकाशसंश्लेषण मंदावते, मुळे पाणी कमी ओढतात. थंडी सोसणाऱ्या वनस्पती गारवा वाढू लागताच पटलातील असंपृक्त मेदाचे प्रमाण वाढवतात. या तयारीला काही दिवस लागतात. म्हणूनच एकाएकी उतरलेला पारा अधिक घातक ठरतो.

करडईचे रोप थंडी सोसते ते काही बियांतील तेलामुळे नव्हे. सुरुवातीला त्याची पाने जमिनीलगत पसरतात व वाढीचा कोंब त्यांच्या मधोमध सुरक्षित राहतो. खोड उंचावू लागले की ही सहनशक्ती घटते. हरभऱ्याची नाजूक अवस्था फुलोऱ्याची. थंडीचे पीक म्हणवूनही सरासरी तापमान १५ अंशांखाली राहिल्यास त्याला फुले येतात, पण घाटे धरत नाहीत.

उसाची गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. थंडीने उभ्या उसाची वाढ रोखली जाते, पण स्वच्छ उन्हात पाने साखर तयार करीतच राहतात. वाढीसाठी न खर्चलेली ही साखर कांड्यांत साठते व उतारा वाढतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी जोडलेला असल्याने ढोकीसारख्या साखर कारखान्याच्या गावात हा गारठा थेट पैशात मोजला जातो. त्याच वेळी शेजारच्या शेतात जानेवारीत लावलेल्या सुरू उसाचे नुकसान होत असते. तापमान २० अंशांखाली गेले की टिपऱ्यांचे डोळे फुटण्यास विलंब लागतो आणि काही फुटतच नाहीत.

प्राण्यांत साप आणि सरडे शरीराचे तापमान घसरू देतात व बिळात निपचित पडून राहतात. शेळीला ती मुभा नाही. या जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी केस फुलवून अंगालगत हवेचा थर धरते, कळपात एकमेकींना खेटून बसते, अखेर स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करते. नवजात करडाजवळ तपकिरी चरबीचा साठा असतो. ती न थरथरताही उष्णता देते, पण साठा लवकर संपतो. ओल्या अंगाचे करडू तर फारच वेगाने गारठते. त्यामुळे जन्मताच त्याला कोरडे पुसणे, तासाभरात चीक पाजणे आणि गोठ्यात वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधणे आवश्यक ठरते. दारे बंद करून आत शेकोटी पेटवल्यास मात्र धुराने त्याची फुप्फुसे बाधतात.