सीपीयू पर्याय (क्यूईमू)

सीपीयू पर्याय हा क्यूईमू या मुक्त स्रोत आज्ञावलीला कमांड लाइनवर द्यावयाचा एक पर्याय आहे. आभासी यंत्राला, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनला, कोणता प्रोसेसर दिसावा आणि त्या प्रोसेसरच्या कोणत्या सुविधा चालू अथवा बंद असाव्यात, हे या पर्यायाने ठरते. क्यूईमूची निर्मिती फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार यांनी २००३ साली केली. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएमचा समावेश झाल्यानंतर क्यूईमूचा वापर सर्व्हरवर मोठ्या प्रमाणात होऊ लागला आणि या पर्यायाचे महत्त्व वाढले.

पार्श्वभूमी

एक्स८६ कुळातील प्रोसेसर आपल्या क्षमता ‘सीपीयूआयडी’ या सूचनेद्वारे सांगतो. आभासी यंत्रात ही विचारणा मध्येच अडवली जाते आणि क्यूईमूने ठरवलेले उत्तर दिले जाते. त्यामुळे यजमान संगणकात असलेली सुविधा पाहुण्या यंत्रापासून लपवता येते. नसलेली सुविधा मात्र केव्हीएमसह चालवताना सहसा देता येत नाही; एक्स२एपिकसारखे थोडे अपवाद आहेत.

लपवण्याची गरज प्रामुख्याने स्थलांतरामुळे पडते. चालू आभासी यंत्र नव्या सर्व्हरवरून जुन्या सर्व्हरवर हलवल्यास आणि तेथे एखादी सुविधा नसल्यास, ती गृहीत धरून चाललेले काम ‘अवैध सूचना’ या त्रुटीने बंद पडते. म्हणून सर्व सर्व्हरना समान असलेले प्रोसेसरचे नमुनानाव निवडतात. ‘होस्ट’ हे नाव दिल्यास यजमानाच्या जवळजवळ सर्व सुविधा मिळतात, परंतु अशा यंत्राचे वेगळ्या जातीच्या सर्व्हरवर स्थलांतर सुरक्षित राहत नाही.

पदच्छेद

पर्यायाचे मूल्य ही एक सलग अक्षरमाला असते, उदाहरणार्थ ‘नेहालेम,+एईएस,व्हीएमएक्स=ऑफ’. पहिल्या स्वल्पविरामापूर्वीचा भाग नमुनानाव ठरतो. उरलेला भाग प्रत्येक स्वल्पविरामापाशी तोडला जातो. नावातील अधोरेषेचे रूपांतर संयोगचिन्हात होते. नुसते नाव दिल्यास ‘=ऑन’ असा अर्थ घेतला जातो. ही सवलत एक्स८६ पुरती आहे. आर्म प्रोसेसरसाठी नाव आणि मूल्य ही जोडी पूर्ण लिहावी लागते, अन्यथा त्रुटी येते.

अधिक आणि उणे ही चिन्हे जुन्या लेखनपद्धतीतील आहेत आणि खरा घोटाळा त्यांच्यामुळेच होतो. सामान्यतः शेवटी लिहिलेला पर्याय आधीच्यावर मात करतो, अशी वापरकर्त्याची अपेक्षा असते. येथे तसे होत नाही. चिन्हांकित सुविधा वेगळ्या दोन याद्यांत साठवल्या जातात व बरोबरीच्या चिन्हाने दिलेल्या मूल्यांनंतर लागू होतात. त्यातही अधिकची यादी आधी आणि उणेची नंतर. म्हणून ‘-एक्स२एपिक,एक्स२एपिक=ऑन’ असे लिहिल्यास एक्स२एपिक बंदच राहते. जुन्या वापरकर्त्यांच्या आज्ञा बिघडू नयेत म्हणून हा विचित्र क्रम जपला गेला आहे. दोन्ही पद्धती एकाच सुविधेसाठी मिसळल्यास क्यूईमू इशारा देते. नव्या लेखनात ‘=ऑन’ व ‘=ऑफ’ हीच रूपे वापरणे श्रेयस्कर होय.

नाव चुकीचे लिहिले तर यंत्र सुरूच होत नाही. नाव बरोबर असून यजमानाकडे ती सुविधा नसेल, तर मात्र केवळ इशारा छापून यंत्र त्या सुविधेविना सुरू होते. हा इशारा नोंदवहीत पडून राहण्याचीच शक्यता अधिक. ‘एन्फोर्स’ जोडल्यास अशा वेळी क्यूईमू यंत्र सुरू करण्यास नकार देते.

व्यवहारातील परिणाम

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर व मेल्टडाउन हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाले. इंटेलच्या सर्व्हरवर मायक्रोकोड अद्ययावत केल्यानंतरही, नमुनानावाने चालणाऱ्या पाहुण्या यंत्रांना ‘स्पेक-सीटीआरएल’ ही नवी सुविधा आपोआप दिसत नव्हती. ती या पर्यायात जोडावी लागली. पर्याय क्यूईमूची प्रक्रिया सुरू होतानाच वाचला जात असल्याने पाहुणे यंत्र आतून रीबूट करणे पुरेसे नव्हते, ते पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणे आवश्यक होते.

२०२२ मध्ये प्रकाशित झालेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला एसएसई ४.२ व पॉपसीएनटी यांसारख्या सुविधा अनिवार्य आहेत. ‘केव्हीएम६४’ या जुन्या नमुन्यात त्या नसल्यामुळे, सक्षम सर्व्हरवरही ही प्रणाली त्या नमुन्यासह सुरू होत नाही. प्रॉक्समॉक्स व्हीईने २०२३ मधील आठव्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांसाठी सुचवला जाणारा नमुना बदलला.