समाजशास्त्र : पदवी अभ्यासक्रम

जात, कुटुंब, धर्म, श्रम यांसारख्या सामाजिक संस्थांचा शास्त्रीय अभ्यास करविणारा कला शाखेतील अभ्यासक्रम. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो घडविला. इरावती कर्वे व एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. पदवीला मार्क्स, दुर्खीम, वेबर या समाजचिंतकांचे विचार आणि संशोधनपद्धती शिकवितात. खरा कस लागतो तो क्षेत्रकार्यात. प्रश्नावली घेऊन वस्तीत गेलेला विद्यार्थी ‘घरात माणसे किती?’ इथेच अडखळतो. शहरात राहून गावी पैसे पाठविणारा मुलगा मोजायचा की नाही, यावर कुटुंबाची व्याख्याच ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जातिसंस्थेवरील १९१६ चा निबंध मुळातून वाचल्याशिवाय हा अभ्यास अपुराच राहतो.