क्रिएटिव्ह हॅन्डिक्राफ्ट्स
मुंबईत अंधेरी (पूर्व) येथे वस्तीतल्या स्त्रियांच्या रोजगारासाठी उभी राहिलेली शिवणकाम व हस्तकला संस्था. स्थापना १९८४. स्पॅनिश कॅथलिक धर्मभगिनी इझाबेल मार्टिन यांनी झोपडपट्टीतील स्त्रियांसोबत ती सुरू केली. कापडी खेळणी, पिशव्या, घरगुती कापडी वस्तू, तयार कपडे असे काम होत गेले. न्याय्य व्यापाराच्या (फेअर ट्रेड) वाटेने माल परदेशी जातो.

सेवाकार्याचा उद्योग होताना खरी कसोटी शिवणयंत्रावर लागते. मदत म्हणून घेतलेल्या पिशवीची टीप वाकडी असली तरी चालते. मागणीवरून शिवलेली प्रत्येक पिशवी मापात हवी, सुटे धागे कातरलेले हवेत. वस्तीतल्या बाईने हे कसब कमावणे, ही या कामातली सर्वांत मोठी गोष्ट.

दुसरी अडचण भांडवलाची. कापड आज रोखीने आणायचे आणि मालाचे पैसे महिन्यांनी यायचे, त्यात छोटा गट मोडतो. म्हणून जागतिक न्याय्य व्यापार संघटनेच्या तत्त्वांतील एक तरतूद मोलाची ठरते : हस्तकलेच्या मालासाठी उत्पादकाने मागितल्यास खरेदीदाराने किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. कापडापुरते पैसे त्यातून सुटतात, सावकाराची पायरी चढावी लागत नाही.