गवताच्या गाठीतला खोकला
तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आठवते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून या पट्ट्यातले गवत मुंबईचे तबेले पोसत आले आहे. त्या धंद्याच्या इतिहासात धुळीचीही नोंद हवी. अर्धवट वाळलेले गवत गाठीत दाबले की आतून तापते, बुरशी आणि बुरशीसारखे दिसणारे जिवाणू माजतात. गाठ सोडताच पांढुरका भुगा नाकातोंडात जातो. इंग्लंडमध्ये १९३२ साली कॅम्बेल यांनी अशा कुबट गवतात राबणाऱ्यांचा आजार नोंदवला, आणि १९६०च्या दशकात पेपिस यांनी रुग्णांच्या रक्तात या भुग्याविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली. म्हणजे इजा जंतूपेक्षा शरीराच्याच प्रतिकाराची: चार-सहा तासांनी ताप, धाप, वर्षानुवर्षे चालले तर फुप्फुसे कडक. मग एकाच गंजीवरचे सगळे आजारी का पडत नाहीत? धूळ सारखी, प्रतिकार वेगळा, एवढेच. दुसरा आक्षेप वजनदार आहे: प्रतिकार दाबायला गेलो, तर २०२१ साली महाराष्ट्राने स्टेरॉइड आणि मधुमेहाच्या जोडीने फोफावलेला म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, पाहिलाच. पण म्युकर ऊतींत घुसतो. हा भुगा नुसता श्वासातून येतो. त्यामुळे इथे गोळीच्या आधी गवत वाळवण्याचा प्रश्न येतो, आणि कापणीत अवकाळी सर आली की नेमका तोच अवघड होतो.