पाळीची वाट

सीमाभागातल्या कितीतरी घरी आज अमेरिकेहून फोन येतो. ‘दुसरी नोकरी का बघत नाहीस?’ या आईच्या साध्या प्रश्नावर मुलगा गप्प होतो. त्या गप्प बसण्याला इतिहास आहे.

१९९० च्या कायद्याने तिथे एच-१बी व्हिसा आला. मुदत सहा वर्षे. ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा तो सहसा कंपनीने. कंपनी बदलली की नव्या कंपनीने कागद पुन्हा मांडायचे. मंजुरी येईपर्यंत तिथे कामही करता येत नसे. मग माणूस कमी पगारातही निमूट राही.

ऑक्टोबर २००० च्या कायद्याने ही गाठ सैल केली. नव्या कंपनीचा अर्ज दाखल होताच काम सुरू करता येऊ लागले. ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज १८० दिवस पडून राहिला, तर तशाच कामावर दुसरीकडे जाण्याची मुभा मिळाली.

पण तो शेवटचा अर्ज करायलाच पाळी यावी लागते. नोकरीवरची ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यांत एका देशाला साधारण ७ टक्के, तेही जन्मदेश पाहून. भारतात जन्मलेल्यांची रांग म्हणूनच वर्षानुवर्षे हलत नाही.

कागदावरची एक रेघ माणसाला किती काळ ताटकळत ठेवते, हे १९५६ पासून आपल्याला कुणी सांगायला नको.