चुकून लागलेल्या शॉकची गोष्ट

मंडळी, मागच्या वेळी आपण पेसमेकरपाशी थांबलो होतो. हृदय फार हळू चालायला लागलं तर काय करायचं, ते आपण पाहिलं. आज उलटा प्रश्न घेऊ. हृदय मिनिटाला २०० ठोक्यांनी पळत सुटतं, औषधं लागू पडत नाहीत, माणूस चक्कर येऊन पडतो. मग काय करायचं?

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज उतरायला एरवी एकच दरवाजा असतो. काही जणांना मात्र जन्मतःच आणखी एक चोरवाट असते. दरवाज्यातून खाली, चोरवाटेने वर, पुन्हा दरवाज्यातून खाली, अशी वीज गरगर फिरत राहते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० साली अशा ११ रुग्णांची नोंद केली, म्हणून आजाराला त्या तिघांचं नाव. १९६८ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल सीली या सर्जननी एका मच्छीमाराची छाती उघडून ही चोरवाट कापली. रुग्ण बरा झाला. पण दर रुग्णाची छाती उघडायची, हे काही परवडणारं नव्हतं.

छाती न उघडता हृदयात शिरायची वाट तोवर सापडलेली होती. पंचविशीतला जर्मन डॉक्टर वेर्नर फोर्समान याने १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्सरे काढून घेतला. (नोबेल मिळायला १९५६ उजाडलं.) पुढे १९६९ मध्ये शेर्लाग यांनी कॅथेटरच्या टोकाने त्या मधल्या दरवाज्याचा, म्हणजे हिस बंडलचा, सिग्नल टिपून दाखवला. पण कॅथेटर ऐकायचं काम करत होता, बोलत नव्हता.

तो बोलला तो चुकून. पॅरिसमध्ये एका रुग्णाची तपासणी चालू होती, कॅथेटरचं टोक हिस बंडलजवळ होतं. ठोके बिघडले म्हणून बाहेरून शॉक दिला, आणि त्यातली वीज चुकून कॅथेटरमधून आत गेली. दरवाजा कायमचा बंद! खरं तर हा अपघात. लपवून ठेवता आला असता. फाँतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७९ मध्ये छापला, आणि आम्हाला वाटतं, या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं काम हेच.

कारण सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मेल्विन शाइनमन यांनी हीच गोष्ट मुद्दाम करून पाहायची ठरवली. आधी कुत्र्यांवर, मग १९८१ मध्ये माणसावर. रुग्णाला भूल द्यायची, कॅथेटर दरवाज्याशी नेऊन ठेवायचा आणि डिफिब्रिलेटरचा शॉक थेट त्यातून सोडायचा. आत ठिणगी पडायची, वायूचा बुडबुडा फुगायचा, दाबाची लाट उसळायची. बेभान ठोके खाली उतरायचे थांबत, पण दरवाजाच गेल्यामुळे रुग्ण जन्मभर पेसमेकरच्या हवाली. मागच्या वेळचं ते यंत्र इथे परत आलं बघा. सौदा महागच होता. तरी दिवसरात्र धडधडत्या छातीनं बसून राहिलेल्याला तो पटायचा.

शॉकची जागा रेडिओ लहरींच्या विजेनं घेतली तेव्हा खरा फरक पडला. ही वीज नवी नव्हती. बोव्ही यांचं यंत्र घेऊन कुशिंग यांनी १९२६ मध्येच मेंदूच्या शस्त्रक्रियेत ती वापरली होती. स्फोट नाही, स्नायूंना झटका नाही. टोकाजवळचा भाग ५० अंशांच्या वर तापतो आणि काही मिलिमीटरचा ठिपका निकामी होतो. एवढा बारीक नेम साधल्यावर दरवाजा राखून नुसती चोरवाट जाळणं शक्य झालं. १९९१ मध्ये ओक्लाहोमाच्या जॅकमन यांच्या गटाने आकडे मांडले: १६६ पैकी १६४ रुग्णांची चोरवाट बंद. त्यानंतर या आजारासाठी छाती उघडण्याची वेळ क्वचितच आली.

एट्रियल फिब्रिलेशन मात्र हट्टी निघालं. तिथे एक वाट नाही, सगळा वरचा कप्पाच थरथरतो. १९९८ मध्ये बोर्दोच्या हाइसागेर यांनी ४५ रुग्णांत ठिणग्यांची ६९ ठिकाणं शोधली; त्यातली ६५ फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या आत होती! तेव्हापासून त्या शिरांच्या तोंडाभोवती कडं जाळायची पद्धत रुळली. एकदा करून भागतंच असं नाही. काहींना दुसऱ्यांदा टेबलावर यावं लागतं. आणि एवढं करूनही ज्यांचे ठोके आवरत नाहीत, अशा काही वयस्कर रुग्णांत आजही शाइनमन यांचाच जुना मार्ग धरतात: आधी पेसमेकर बसवायचा, मग दरवाजा बंद करायचा. फक्त शॉकऐवजी रेडिओ लहरींनी.